डाव्याची दुप्पट

सायकलच्या हँडलवरच्या पडद्यावर मोठ्या आकड्याखाली आज एक बारीक ओळ जास्तीची होती. अठ्ठावन्न, मध्ये एक उभी रेघ, मग बेचाळीस. रस्ता सपाट असला की ती ओळ स्थिर राहायची, चढ लागला की साठ-चाळीस व्हायची, उताराला पाय सैल पडले की पन्नाशीकडे झुकायची आणि पुन्हा अठ्ठावन्नवर येऊन बसायची, ठरलेल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासारखी. सुरुवातीला तिनं ती गंमत म्हणून पाहिली. ऊन अंगावर यायला लागलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मोठ्या आकड्याकडे फक्त सवयीनं डोळा जात होता. बघत ती त्या ओळीकडेच होती.

डावा पाय अठ्ठावन्न टक्के, उजवा बेचाळीस. जुन्या मीटरला यातलं काही दिसत नव्हतं. तो सायकलच्या डाव्या क्रँकला, म्हणजे पेडल ज्या दांडीवर बसतं तिला, आतून चिकटवलेला होता. डावा पाय जेवढा जोर लावेल तेवढा मोजायचा, त्याला दोननं गुणायचं आणि आलेला आकडा वॅटमध्ये दाखवायचा, एवढंच त्याचं काम. उजवा पायही तेवढंच करत असणार हे त्यानं गृहीत धरलेलं. दादानं स्वतःच्या सायकलला दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर बसवला, तेव्हा तिनंही चौकशी केली होती. "तुला कशाला?" दादा म्हणाला होता. "तू एकसारखी चालवतेस. तुला डाव्याचा पुरे." गेल्या आठवड्यात पाणी शिरून तिचा तो मीटर बंद पडला. दुकानातल्या मेकॅनिकनं तो दुरुस्तीला पाठवला आणि तोवर वापरायला ही पेडलं बसवून दिली. "दोन्ही पायांची चहाडी करतात, मॅडम," तो म्हणाला होता.

"काटा!" मागून दादाची हाक आली. "आज काय खाऊन निघालीयस? भारी ओढतेयस!"

तिनं एक हात वर करून हलवला. मागं वळून बघायची गरज नव्हती. दादा कुठं असणार हे तिला ठाऊक होतं: तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, तिनं फोडलेल्या वाऱ्याच्या आडोशाला. काटा हे नाव त्यानंच पाडलेलं. ती वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत लागली तेव्हापासूनचं. औषधाच्या दुकानातल्या नाजूक तराजूपासून आख्खा ट्रक चढवायच्या काट्यापर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं, आणि तिची सही झाल्याशिवाय कशालाच वजन नसायचं. "आमच्या घरात एक वजनकाटा आहे आणि एक पायातला काटा आहे, आणि दोन्ही हीच," असं दादा आल्यागेल्याला सांगायचा. आलेगेले हसायचे. आई तर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. दादाच्या विनोदांना आईचं हसू कधी कमी पडलं नाही.

लांबच्या रस्त्यावर वॅट बघून चालायचं, हेही दादानंच शिकवलेलं. दिवसभराचं अंतर कापायचं असलं की वेगाकडे बघायचं नाही. वेग अर्धा वाऱ्याचा आणि अर्धा उताराचा असतो. छातीच्या ठोक्यांवरही फार विसंबायचं नाही. ते उन्हानं वाढतात, काळजीनं वाढतात. पायांनी पेडलवर प्रत्यक्षात किती काम केलं तेवढंच वॅट सांगतो, आणि सकाळच्या ताज्या पायांना लगाम घालायचा तर तोच लागतो. "सकाळी कंटाळा यायला पाहिजे," दादा म्हणायचा. "नाही आला तर समज, जास्त लावतेयस." तिचा आकडा त्यानंच चाचणी घेऊन काढून दिला होता. सपाटीला एकशे तीस, चढावर काही झालं तरी एकशे पन्नासच्या आत. बाकीचं शेवटासाठी राखायचं. ती राखायची. इतकं मन लावून राखायची, की शेवटच्या टप्प्यात तिच्यात उरलेलं असायचं आणि दादा, आकडे तिला शिकवून स्वतः मात्र दिसेल त्या चढावर उसळ्या मारलेला, रिकामा झालेला असायचा. मग ती पुढं व्हायची, वारा घ्यायची आणि त्याला घरापर्यंत आणायची. दारात हेल्मेट काढत तो आईला ओरडून सांगायचा, "आज आपण काय मस्त संपवलं!"

आज तिनं आणखीही एक गोष्ट राखून ठेवली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मापनसंस्थेनं तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलं होतं, आणि हो की नाही ते उद्या सकाळी सांगायचं होतं. हे बोलावणं दुसऱ्यांदा आलेलं. पहिल्यांदा आलं तेव्हा वडील नुकतेच गेले होते. "आत्ता आईला एकटं नको ठेवायला," दादा म्हणाला होता. "वर्षभर आपण राहू तिच्याजवळ, मग बघू." आपण राहू म्हणजे ती राहिली. मग आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, पण आई पुन्हा पायावर उभी राहिली नाही, आणि मग काय बघायचं होतं ते कुणाच्या लक्षातही उरलं नाही. या वेळी तिकडच्या मुख्य बाईंनी स्वतः फोन केला होता. "मी निवृत्त होतेय, ही जागा माझीच आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारायला मी इथं नसेन." ती म्हणाली होती, कळवते. तेव्हापासून ती दादाला सांगायची वेळ शोधत होती. फोनवर नको, आईसमोर नको, वहिनीसमोर तर नकोच. शेवटी तिनं बोलण्याचंही वॅटसारखंच नियोजन केलं: निघताना काही काढायचं नाही, त्याचा मूड जातो, पहिल्या चढावर दम लागलेला असतो, अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपापाशी थांबायचं ठरलं आहे, तिथं तो खाऊन पाय पसरून बसला की.

बेचाळीस. उजवा पाय एवढा कामचुकार कधीपासून झाला, याचा ती चढावर विचार करत होती, आणि उत्तर काही शोधावं लागलं नाही, ते गुडघ्यातच होतं. आईचा पलंग भिंतीला लागून होता. दवाखान्यातून आईला आणलं त्या दिवशी दादानं खोली मांडून दिली होती, बाह्या वर सारून, घाम गाळून. त्याचं प्रेम खोटं होतं असं तिला कधीच म्हणता आलं नाही. "आपण पलंग भिंतीला सरकवू," तो म्हणाला, "म्हणजे चाकाच्या खुर्चीला वळायला जागा होईल." जागा झाली. पण त्यामुळं आईला उचलायचं ते एकाच अंगानं. उजवं पाऊल पलंगाच्या पायाशी रोवायचं, गुडघ्यात वाकायचं, आईचे हात गळ्यात घ्यायचे, आणि सगळं वजन त्या एका गुडघ्यावर फिरवून खुर्चीत सोडायचं. आई तशी हलकी होती. पण हलकं वजनसुद्धा रोज त्याच खुंटीला टांगलं की खुंटी सैल होते, हे ती प्रयोगशाळेत रोज बघत होती. तिथं त्याला शब्द होता, झीज, आणि झिजलेल्या काट्यावर लाल चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवायचा नियम होता. गुडघा संध्याकाळी सुजायचा. ती बर्फ लावून बसायची. आई विचारायची, "सायकल जास्त झाली का गं?" ती म्हणायची, "असेल."

दादा दर रविवारी यायचा. सायकल असेल त्या रविवारी सायकलवरून, नसेल त्या रविवारी वहिनीला घेऊन, हातात फुलं. त्या दिवशी आई सकाळीच सांगायची, तो निळा गाऊन काढ, केस नीट विंचर, भांग मधोमध नको. तो आला की पलंगावर बसायचा, आईच्या पायाला तेल चोळायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा, आणि आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघून तिलाही बरं वाटायचं, हेही खरं. एकदा केस विंचरता विंचरता ती सहज म्हणाली, "मी ऑफिसातून येते तेव्हा कधी नाही निळा गाऊन घालत." आईनं आरशात तिच्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "तू काय, असतेसच." त्या तीन शब्दांवर ती तेव्हा हसली होती. मग बरेच दिवस ते तीन शब्द अंगात रुतलेल्या कुसळासारखे राहिले. दिसत नव्हते, पण कपडा बदलताना टोचायचे. असतेसच. दारं असतात, भिंती असतात. त्यांची कुणी वाट बघत नाही.

आणि नातेवाईक म्हणायचे, दोघं भावंडं आईचं किती करतात. मावशी म्हणायची, मामा म्हणायचा, शेजारचे निवृत्त मास्तर लिफ्टसाठी थांबले की म्हणायचे. ते तरी काय करणार, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं ते बघत होते: आई स्वच्छ, खोली स्वच्छ, औषधं वेळेवर. एका बाजूनं झालेलं काम बघायचं आणि दोघांच्या नावावर लावायचं. दादाही हेच करत होता, आणि त्याचा त्यावर विश्वास होता, हे तर आणखी वाईट. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. तो फक्त 'आपण' म्हणायचा. आपण डॉक्टर बदलू. आपण रात्री एकदा उठून तिला कुशीवर करत जाऊ. आपण जरा तिच्याशी जास्त बोललं पाहिजे, नाही का? 'तू कर' म्हणाला असता तर तो हुकूम झाला असता, त्यावर भांडता आलं असतं. 'आम्ही' म्हणाला असता तर ती वेगळी राहिली असती. 'आपण' या शब्दात बोलणारा आणि ऐकणारी दोघंही मावतात, आणि करणार कोण हे विचारायला फटच राहत नाही. तिला मात्र तो शब्द कित्येक वर्षं आवडत आला होता. लहानपणी दादा 'आपण खेळू' म्हणाला की तिला कोण आनंद व्हायचा.

दुसऱ्या चढावर पाय पेटले. हे तिला नवं होतं. या वेळेपर्यंत पायांना कंटाळा यायचा, जळजळ कधीच नाही. पडद्यावर सगळं शिस्तीत होतं. सपाटीला एकशे तीस, चढावर एकशे अठ्ठेचाळीस, ती आकड्याला धरून होती. वय झालं, तिनं ठरवलं. वय हे सगळ्या न कळणाऱ्या गोष्टींना पुरणारं उत्तर आहे. मग तिनं छातीचे ठोके पाहिले, ते भलतेच वर होते. काळजीनं, तिनं स्वतःला सांगितलं, उद्याच्या काळजीनं. मागून दादा शीळ घालत होता. चढावर शीळ! पेट्रोल पंप दिसला तेव्हा तिला पहिल्यांदाच असं झालं, की पेडल मारायचं थांबवल्याचं सुख हाडांपर्यंत गेलं, आणि सायकलवरून उतरताना उजवा पाय जमिनीला लागला पण जमिनीनं त्याला धरलं नाही. ती खांबाला टेकली. दादा आत जाऊन कॉफी आणि पाव घेऊन आला, तिच्या शेजारी कठड्यावर बसला, पाय पसरले. सगळं ठरल्यासारखं होतं. फक्त तिच्या तोंडातून आवाज निघेल असं तिला वाटत नव्हतं. तिनं पावाचा तुकडा मोडला, तो चावता येईना. मग डोकं रिकामं ठेवायचं म्हणून ती आकडेमोड करायला लागली, मांडीवर बोटानं, आणि तीच आकडेमोड तिच्या अंगावर आली.

अठ्ठावन्न दुणे एकशे सोळा. जुना मीटर तिच्या प्रत्येक शंभर वॅटचे एकशे सोळा दाखवत आला होता. त्यानं फार बिघडत नव्हतं, कारण तिची मर्यादाही त्याच मीटरनं काढलेली. पट्टी चुकीची, पण कापड आणि अंगरखा दोन्ही त्याच पट्टीनं मापलेले. जुन्या मीटरचे एकशे तीस म्हणजे खरे एकशे बारा. तेवढ्यावर ती वर्षानुवर्षं चालली. आज पेडलं खरं सांगत होती आणि ती मात्र जुन्याच आकड्याला चिकटून होती. पहाटेपासून खरे एकशे तीस, चढावर खरे एकशे अठ्ठेचाळीस. शेवटासाठी राखलेलं सगळं तिनं अर्ध्या वाटेतच ओतून टाकलं होतं, आणि तेही इतक्या शिस्तीत. मोजायचं साधन बदललं की आधीच्या सगळ्या खुणा पुसायच्या, हे ती प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्यांना पहिल्या दिवशी सांगायची. तिला हसू आलं. इतकी वर्षं तो फुगलेला आकडा बघून तिलाही बरं वाटत नव्हतं का? ही बाई इतकं ओढते म्हणून?

"दादा, आकडा चुकला," ती म्हणाली.

"कसला?"

तिनं सांगितलं. तो कॉफीचा घोट घेत नीट ऐकत होता. अशा गोष्टी त्याला लगेच कळायच्या, डोकं चांगलं होतं त्याचं. संपल्यावर त्यानं मांडीवर थाप मारली.

"काट्याचा काटा चुकला! हे मी आयुष्यभर सांगणार. थांब, आधी आईला सांगतो."

"पाय संपलेत माझे."

"होतं गं असं. जरा गोड खा. म्हणजे बघ, इतके दिवस आपण उगाच हळू जात होतो. आज सरासरी बघितलीस का? मला तर काहीच जाणवलं नाही."

"तुला कसं जाणवेल? तू मागं होतास."

"तेच तर म्हणतोय. तुझ्या मागं वारा लागतो कुठं!" तो मनापासून म्हणाला. कौतुकच होतं ते. "बाकी काही म्हण, तुझ्यामागं चालायचं सुख कुणामागं नाही. आपली जोडी अशी जमलीय ना."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनी होती, तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. रविवारी आईजवळची बाई दुपारीच जायची आणि पुढं वहिनी येऊन बसायची, असं ठरलेलं. "अरे, मला नाही जमायचं," वहिनी म्हणत होती, "डोकं इतकं चढलंय माझं, उभं राहवत नाही. त्या बाईला विचारलं मी, ती थांबायला तयार नाही. आईंना एकटं कसं ठेवायचं? काय ते तुम्ही दोघं ठरवा."

"बरं, तू पड," दादा म्हणाला. "आम्ही बघतो." फोन ठेवून त्यानं उरलेला पाव दोन घासांत संपवला, कपाळ पुसलं, आणि आकाशाकडे बघून हिशेब केला. तिच्याकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अडचणीतून वाट सापडल्याचं समाधान होतं.

"असं करू. आपण जरा लवकर पोचू. आजचं पुढचं अंतर सोडून दे तू, इथून सरळ घराच्या रस्त्याला लाग. तुझा वेग आज चांगला आहे, बाई जायच्या आत पोचशील. मी ठरलेलं तेवढं पुरं करून येतो, नाहीतर पुढच्या महिन्याच्या स्पर्धेआधी आपला एकही लांबचा सराव व्हायचा नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कानशिलाशी केस पांढरे झालेले, नाकावर उन्हाचा पट्टा, ओठाला कॉफीचा फेस. याचं बोट धरून ती सायकल शिकली होती. त्यानं मागून धरलेली सीट सोडली तेव्हा न सांगता सोडली होती आणि ती पडली नव्हती. तिला राग येईल असं वाटलं होतं, भरभरून. पण रागालाही वॅट लागतात. आत हात घालून बघितलं तर तिथं काहीच उरलं नव्हतं, ना राग, ना सांभाळून घेणं, ना 'बघू'. शब्द निवडायला जी ताकद लागते तीसुद्धा नव्हती. गेले पंधरा दिवस जुळवलेली वाक्यं, आईच्या तब्येतीपासून सुरू होणारी, हळूहळू चढत जाणारी, कुठंतरी त्या दुसऱ्या चढावर गळून पडली होती.

"काय गं? नाही ना जमणार? मग आपण असं—"

"दादा, आपण नको म्हणूस."

"अं?"

"तू काय करणार ते सांग, मी काय करणार ते सांगते."

तो हसला, मग हसू अर्ध्यावर ठेवून तिच्याकडे बघायला लागला. "आता काय झालं तुला? थकलीयस तू. घरी गेल्यावर बोलू शांतपणे. आईच्या समोर—"

"आईच्या समोर मी बोलणार नाही, मला माहितीय." तिचा आवाज तिलाच परका वाटला, सपाट, कोरडा, प्रयोगशाळेत वाचून दाखवतात तसा. एक ट्रक पंपातून बाहेर पडत होता. तो रस्त्याला लागेपर्यंत ती थांबली, कारण दोनदा सांगायची ताकद नव्हती.

"मला बाहेरच्या संस्थेत बोलावलंय, मागच्या वेळी बोलावलं होतं त्यांनीच. उद्या सकाळी मी त्यांना हो म्हणणार आहे. पुढच्या महिन्यापासून आई तुझ्याकडे राहील."